एल्मक्लफचं फिरतं मेज

रा. रा. जोशुआ रॅम्सडेन यांस,

तुम्हाला मराठी येत होतं असं सगळे सांगतात, म्हणून मराठीतच लिहिते. तुम्ही जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, तेव्हा तब्येत कशी आहे वगैरे विचारण्यात अर्थ नाही. सरळ मुद्द्यावर येते. तुमची पोथी चुकीची शिवली आहे.

पोथी ही वहीसारखी डावीकडून शिवायची वस्तू नव्हे. खरं म्हणजे ती शिवायचीच नसते. सुटी आडवी पानं एकावर एक ठेवायची, वरखाली फळ्या द्यायच्या आणि कापडात बांधायची. वाचणारा पान उचलतो, वाचतो आणि आपल्यापासून दूर, वरच्या अंगाला उलटून ठेवतो. पाठचा मजकूर त्याच हिशेबाने लिहिलेला असतो. तुमच्या बाइंडरने ती डाव्या कडेने शिवून टाकली आणि एकाआड एक पान उलटं झालं. एवढंच झालं आहे. यात कालचक्र नाही, पुनर्जन्म नाही, हिंदूंचं कसलंही गूढ नाही. तुम्ही आयुष्यभर मेज फिरवत बसलात ते एका कारागिराच्या घोटाळ्यापायी.

हे तुम्हाला एका माणसाने तुमच्या हयातीत सांगायला हवं होतं. तो तुमच्या घरी जेवला आणि गप्प बसला. मी तुमच्याकडे कधी जेवले नाही, तरी अख्खा हिवाळा गप्प राहिले. उद्या तुमचे टाके निघणार आहेत. पेशंटला सांगितल्याशिवाय मी आजवर कोणाला हात लावलेला नाही, म्हणून हे पत्र.

कळावे.

डॉ. वीणा गुप्ते

*

हे पत्र वीणाताईंनी रविवारी सकाळी मँचेस्टरच्या आपल्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिलं. समोर शशिधरराव टोस्टवर लिंबाचं लोणचं पसरून खात होते. पत्र कोणाला, असं त्यांनी विचारलं आणि उत्तर ऐकून चष्मा काढून पुसला.

"जोशीबुवांना? मग पोस्टात टाकणार आहेस की श्राद्धाला वाचणार?"

जोशुआचा जोशीबुवा त्यांनीच केला होता, अगदी पहिल्या आठवड्यात. पन्नास वर्षांच्या संसारात बायको एका परपुरुषाच्या घरी आठवड्यातून दोनदा जाते आणि येताना गालात हसत येते, असं ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. तो परपुरुष मेलेला आहे हे मात्र चहा संपेपर्यंत सांगत नसत.

वीणाताई गालात हसतात हीच मुळात बातमी होती. साताऱ्याच्या शाळा-तपासनीसाची मुलगी, पुण्यात डॉक्टर झालेली, लग्न होऊन सत्तरच्या दशकात इथे आलेली. उत्तर इंग्लंडातल्या ज्या ज्या हॉस्पिटलात गोऱ्या डॉक्टरांना जायचं नसे त्या त्या हॉस्पिटलात त्यांनी बायकांची बाळंतपणं केली, गर्भाशयं काढली, आणि दोन मुलं वाढवली. बोलणं तोडून टाकल्यासारखं. जिची गाठ वाईट असेल तिला वाईट आहे म्हणून सांगायचं, डोळ्यात बघून, आणि मग खुर्ची ओढून शेजारी बसायचं. काही बायकांनी तक्रारी केल्या. काहीजणी मुलीसुनांना घेऊन पुन्हा त्यांच्याकडेच आल्या, कारण ही डॉक्टरीण साखर लावत नाही असा त्यांचा लौकिक झाला होता.

निवृत्त झाल्यावर हे सगळं तोडून टाकणारं बोलणं शशिधररावांच्या वाट्याला आलं. त्यांनी काही महिने सोसलं आणि मग सुचवलं की गुडघ्याला चालणं बरं असतं. तेव्हा वीणाताई ट्रामने शेवटच्या स्टॉपापर्यंत आणि पुढे बसने एल्मक्लफला जाऊ लागल्या.

एल्मक्लफ म्हणजे डोंगराच्या घळीत बसलेलं जुनं गिरणगाव. गिरण्यांचे आता फ्लॅट झाले आहेत, काहींच्या नुसत्या चिमण्या उरल्या आहेत. चढावर काळ्या पडलेल्या दगडाची एक इमारत आहे, तिला गाव रीडिंग रूम म्हणतं. कौन्सिलने हात वर केल्यापासून गावातली पाचसहा म्हातारी माणसं ती चालवतात. त्यांचे पुढारी मिस्टर हॅरॉप. गॅसफिटर म्हणून आयुष्य काढलेला, उंच, हळू बोलणारा माणूस. पाऊस लागला म्हणून वीणाताई आत शिरल्या, तर त्यांनी चहा दिला आणि बऱ्याच वेळाने, जरा लाजत, तुम्हाला इंडियन वाचता येतं का म्हणून विचारलं.

कुठलं इंडियन, असं वीणाताईंनी विचारलं. ते त्यांना माहीत नव्हतं. गावात कोणालाच माहीत नव्हतं. ते त्यांना वर घेऊन गेले.

*

वरची खोली गोल होती. चहूबाजूंनी बाटलीच्या काचेसारख्या गडद हिरव्या चामड्यात बांधलेली पुस्तकं, जमिनीपासून छतापर्यंत. हिब्रू, ग्रीक, अरबी, काय वाटेल ते, पण सगळ्यांची पाठ एकसारखी हिरवी, जणू एकाच गणवेशात उभी केलेली शाळा. खोलीच्या मधोमध महोगनीचं गोल मेज, आणि मेजावर आडवं, जाडजूड, त्याच हिरव्या चामड्यातलं एक पुस्तक.

हॅरॉपनी ते उघडलं. वीणाताईंनी खाली वाकून पाहिलं. काळ्या शाईतली, टपोरी, सरळ रेषेवर टांगलेली देवनागरी अक्षरं. मराठी ओव्या. हॅरॉपनी पान उलटलं. पुढचं पान उलटं होतं. अक्षरं डोकं खाली, पाय वर. मग हॅरॉपनी मेजाच्या कडेला एका बोटाने हलका धक्का दिला, आणि मेज घरघरत अर्धा फेरा फिरून थांबलं. ओव्या सरळ झाल्या.

याच्यासाठी लोक लांबून येतात, असं त्यांनी सांगितलं. वर्षातून एकदा खोली सगळ्यांना खुली असते, त्या दिवशी गावातलं प्रत्येक पोर हे मेज फिरवून जातं. त्यांच्या वडिलांनी फिरवलं होतं, त्यांनी फिरवलं होतं. तुमच्या देशात असंच वाचतात ना, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता मेजाची कड हाताने पुसली.

वीणाताईंनी तोंड उघडलं होतं. श्रावणात ओसरीवर बसून पोथी वाचणारे वडील, त्यांच्या मांडीसमोर डावी-उजवीकडे नव्हे तर वर-खाली सरकणारी पानं, हे सगळं जिभेवर आलं होतं. पण खिडकीतला पावसाळी उजेड मेजावर अजून फिरत असल्यासारखा वाटत होता. ती घरघर ओळखीची होती. कुठली ते आठवेपर्यंत हॅरॉप खाली निघून गेले. मग आठवलं. जात्याची.

परवा सांगू, असं ट्राममध्ये त्यांनी स्वतःशी ठरवलं.

*

आता हा रॅम्सडेन कोण, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी उगीच वेड लावून घेते आहे.

एल्मक्लफमधली सगळ्यात मोठी सूतगिरणी रॅम्सडेनांची. जोशुआ हा एकुलता मुलगा, छातीने अधू. गिरणीत शिरला की कापसाच्या धुळीने खोकून बेजार व्हायचा, म्हणून बापाने त्याला पुस्तकांत बसू दिलं. बाप मेला आणि गिरणी याच्या गळ्यात पडली, ती नेमकी अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा. तिकडचा कापूस बंद. लँकशायरच्या गिरण्या एकामागून एक थंड. मुंबईहून जो आखूड धाग्याचा, कचऱ्याने भरलेला कापूस यायचा त्याला इथले कामगार सुरती म्हणून शिव्या घालायचे. गाठींत वजन वाढवायला दगड असत, माती असे, एकदा लोखंडी नाल निघाला. आणि एकदा पोथी निघाली.

ती कोणी घातली, का घातली, देव जाणे. शशिधररावांचं मत असं की त्या वर्षी दगड महागले असतील. कोणी जपण्यासाठी कापसात लपवली आणि मग गाठ विकली गेली, असंही असेल. लालसर जुनेरात गुंडाळलेली, काळी शाई, कडेला हळदीचे डाग. कामगारांनी ती मालकाकडे आणून दिली. आठवड्यातले बरेच दिवस बंद असणाऱ्या गिरणीत मालक एकटाच बसलेला असायचा.

त्याला एक अक्षर कळत नव्हतं. पण त्याने ती पानं घरी नेली आणि त्याचं उरलेलं आयुष्य तिथून पुढे दुसरीकडेच वाहत गेलं. गिरणी पुन्हा चालू झाली तशी त्याने ती चुलतभावांना विकून टाकली आणि जगातून पुस्तकं मागवायला लागला. पैसा भरपूर, घर मोठं, बायको नाही, घर सांभाळायला बहीण प्रुडन्स. पुस्तक आलं की बाइंडरकडे जायचं आणि हिरवं होऊन परत यायचं. पोथी त्याची सगळ्यांत लाडकी, म्हणून ती सगळ्यांच्या आधी गेली. दख्खनमध्ये राहून आलेल्या एका म्हाताऱ्या मिशनऱ्याकडून आणि एका जाड शब्दकोशातून त्याला मराठी वाचता यायला लागेपर्यंत ती शिवून, चिकटवून, सोनेरी कड लावून तयार होती. मिशनऱ्याने जन्मात छापील पुस्तकांखेरीज काही हाती धरलं नव्हतं, आणि पोथी उघडायची वेळ आली तोवर तोही वारला.

मग एकाआड एक उलटं पान बघून जोशुआने विचार केला. शहाण्या माणसाचं हे असं असतं. अडाणी माणूस म्हणाला असता, बाइंडर गाढव आहे. जोशुआने तत्त्वज्ञान काढलं. हिंदूंचा काळ वर्तुळात फिरतो, म्हणून त्यांचा वाचकही फिरतो. तो उठायचा, मेजाला अर्धी प्रदक्षिणा घालायचा, पलीकडच्या खुर्चीत बसून पुढचं पान वाचायचा, पुन्हा उठायचा. गालिचा झिजला. प्रुडन्सने कटकट केली. तेव्हा त्याने माणसाऐवजी मेज फिरेल असं सुताराकडून करवून घेतलं आणि या सगळ्यावर एक निबंध छापला. निबंध मँचेस्टरातल्या विद्वानांनी टाळ्या वाजवून ऐकला.

हा निबंध वीणाताईंनी रीडिंग रूममध्ये उभ्याउभ्याच वाचला आणि तीनदा नाक मुरडलं. पण एवढं नक्की की हा माणूस कधी हिंदुस्थानात गेला नव्हता, जाण्याइतकी त्याची छाती नव्हती, आणि तरी त्याने त्या पोथीवर जितका जीव लावला होता तितका वीणाताईंनी मराठीतल्या कुठल्याच पुस्तकावर कधी लावला नव्हता. त्यांना वेळच कुठे होता? इथल्या इतक्या वर्षांत त्यांचं मराठी वाचन म्हणजे बोटीने येणारे दिवाळी अंक, ते होळीला पोचायचे आणि अर्धवट वाचून व्हायच्या आत नवे यायचे.

*

पोथी एका नदीची होती. सोनवंती तिचं नाव. कोण्या अनाम कवीने तिचं माहात्म्य सांगायला घेतलं होतं, पण माहात्म्य राहिलं बाजूला आणि तो नदीच्या काठाकाठाने नुसता चालत सुटला होता. इथे हरणं पाणी पितात. इथे एक आंधळी बाई रोज दिवा सोडते आणि कुठवर गेला ते वाटसरूंना विचारते. इथे नदी जमिनीत गडप होते, आणि गाव मात्र पूर्वीच्याच जागी घाट बांधून तिची वाट बघत बसतं.

वीणाताईंचा वाचायचा वेग मोठा. वर्तमानपत्र त्या केस-पेपरसारखं वाचत, वरून खाली, काय झालं, काय करायचं, पुढचा पेशंट. पण इथे पान संपलं की मेज फिरवायला लागे. ते घाईने फिरत नसे. जोरात ढकललं तर पुढे जाऊन परत मागे येई, आणि मग थांबायला आणखी वेळ. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला मराठीत दोन शब्द सुनावले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एका बोटाने धक्का द्यायला शिकून घेतलं. आणि नाताळ गेल्यावर, एल्मक्लफवर करडं धुकं उतरून बसलेलं असताना, मेज घरघरत फिरायचं तेवढ्या वेळात त्या काहीच करत नसत, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटायला लागलं. खिडकी मेजावरून सरकत जाई. हिरव्या पुस्तकांची रांग महोगनीत उलटी होऊन वाहत जाई. ओव्या पाठमोऱ्या होत, दूर जात, वळण घेत आणि समोर येऊन उभ्या राहत, नदीच्या वळणावरून एखादी होडी यावी तशा.

नदी म्हणे मी नेणें कांहीं ।
कोणें धाडिलें ठावें नाहीं ।
उतार दिसे तिये ठायीं ।
चालतसें ॥

ही ओवी त्यांनी मोठ्याने म्हटली. खोलीत कोणी नव्हतं. खालून हॅरॉपनी काही हवंय का म्हणून विचारलं, तर त्यांनी नाही म्हटलं आणि पुन्हा म्हटली, या वेळी चालीवर. जन्मात न गायलेल्या बाईने.

परतीच्या ट्राममध्ये काचेवर पाऊस ओघळत असे, आणि त्यांना आपण कुठल्या गावाहून कुठल्या गावाला निघालो आहोत हे क्षणभर समजत नसे. एकदा त्या स्टॉप चुकून थेट शहराच्या मध्यावर गेल्या. शशिधररावांनी फोनवर विचारलं की हे विसरभोळेपण म्हणून धरायचं की प्रेम म्हणून.

आणि सांगायचं राहतच गेलं. दर वेळी बसमधून उतरताना त्या ठरवत, आज हॅरॉपना सांगायचं. दर वेळी हॅरॉप चहाचा कप घेऊन येत, मेजाची कड बाहीने पुसत आणि आज नदी कुठवर आली म्हणून विचारत. त्या नदीची हकिकत सांगत बसत.

*

निबंधाची दुसरी आवृत्ती त्यांच्या हाती फेब्रुवारीत लागली. तिच्या शेवटी रॅम्सडेनने पुण्याच्या एका तरुण गृहस्थाचे आभार मानले होते. तो इथे शिकायला आला होता. रॅम्सडेनने त्याला जेवायला बोलावलं, वर नेलं, पोथी दाखवली. त्या गृहस्थाने मेज फिरवत फिरवत तीन पानं मोठ्याने वाचली, 'अत्यंत गांभीर्याने'. आपलं अनुमान बरोबर आहे ना, असं विचारल्यावर तो खाली मान घालून म्हणाला की त्याने असं वाचन आधी कधी पाहिलं नव्हतं. रॅम्सडेनने याचा अर्थ, इतकी शुद्ध परंपरा आता पुण्यातही उरलेली नाही, असा लावला होता.

वीणाताई इतक्या हसल्या की हॅरॉप जिना चढून वर आले. त्यांना काय सांगणार? ते गांभीर्य त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं. कॉलर आवळलेला, नुकतंच उकडलेलं मटण पोटात गेलेलं आणि त्यावर आंघोळ करावी की नाही या विवंचनेतला, चांगल्या घरातला मुलगा. म्हाताऱ्या यजमानाचा आनंदाने लाल झालेला चेहरा, शेजारी त्याची बहीण दिवा धरून उभी. ज्याचं अन्न खाल्लं त्याची चूक काढायची नाही, हे आईने शिकवलेलं. मेज फिरव, बाबा, आणि वाच.

हसू ओसरल्यावर पुढचा मजकूर दिसला. रॅम्सडेनने त्या मुलाला एकच गोष्ट विचारली होती. ही सोनवंती नदी कुठे आहे, आणि उन्हाळ्यात तिला पाणी असतं का? पोथीतला कवी पावसाळा सांगतो, थंडी सांगतो, उन्हाळा येताच तो दुसऱ्या काठावर जातो आणि बोलतच नाही. मुलाने शोध घेऊन कळवतो म्हणून कबूल केलं होतं. तिसऱ्या आवृत्तीत रॅम्सडेनने लिहिलं होतं की अद्याप उत्तर आलेलं नाही. त्या देशातला कोणी वाचक तिकडे गेला तर कृपा करून बघून यावं. चौथी आवृत्ती निघाली नाही.

त्या पोराला हसणं सोपं होतं. आपण त्याहून काय वेगळं करतो आहोत? त्याने निदान एक संध्याकाळ निभावली. इथे तर अख्खा हिवाळा गेला.

*

मार्चमध्ये पोथीची शिवण उसवली. मधली पानं लोंबायला लागली. कसलासा निधी मिळाला होता, त्यातून जुनी पुस्तकं दुरुस्त करणारी एक बाई आली, मिस पाइक. तिने चिमट्याने शिवण उचलून बघितली आणि सांगितलं की दोनच मार्ग आहेत. होती तशीच नव्याने शिवायची, नाहीतर पूर्ण सोडवायची. मधलं काही नाही. शिवली तर पुढची शंभर वर्षं कोणी हात लावणार नाही, कारण पुन्हा भोकं पाडण्याइतका कागदच उरणार नाही. वाचणाऱ्या डॉक्टर आहेत, त्या सांगतील तसं करू, असं मंडळींनी ठरवलं. बैठक शनिवारी.

शुक्रवारी ब्रॅकनेलहून अक्षराचा फोन आला. लेक तिथल्या एका कंपनीत मॅनेजर आहे. तिचं मराठी इथल्या शाळेत वाढलेलं, पण आईशी ती हट्टाने मराठीच बोलते. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आई, तू त्यांना सांगू नको. तो टेबल त्यांची आहे. म्हणजे, दॅट्स देअर थिंग."

"आणि ती पोथी कोणाची?"

"पण तो माणूस मेला ना. त्याला काय फरक पडतं? तू आता कशाला हर्ट करते सगळ्यांना?"

वीणाताईंनी विषय बदलला. रात्रीच्या भाजीत मीठ दोनदा पडलं.

शनिवारी खालच्या मोठ्या खोलीत सगळे जमले. हॅरॉपनी बिस्किटं मांडली होती. शिवून घ्यावी असं त्यांचं मत त्यांनी आधीच सांगितलं, मेजही पॉलिश करून घेऊ म्हणाले. वीणाताईंनी कप खाली ठेवला. हॉस्पिटलात करायच्या तशी त्यांनी खुर्ची ओढली आणि हॅरॉपच्या शेजारी जाऊन बसल्या. मग सांगितलं. पोथी कशी असते, कशी उलटतात, काय झालं, कसं झालं. टेबलावरचे कागदी रुमाल घेऊन पानं करून दाखवली.

हॅरॉपनी एक रुमाल उचलला, वरच्या अंगाला उलटला, पुन्हा खाली आणला.

"म्हणजे मेजाची गरजच नव्हती," ते म्हणाले.

"नव्हती."

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी."

हॅरॉपनी त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. "त्याला कोणीच सांगितलं नाही?"

"एकाला माहीत होतं. चांगल्या घरातला होता, म्हणून बोलला नाही."

"आणि तुम्ही?"

"मला ते मेज फिरवायला आवडायला लागलं होतं," वीणाताई म्हणाल्या. "पण ही पोथी कोणाच्या तरी घरातून हरवलेली आहे, मिस्टर हॅरॉप. इतकी वर्षं ती निम्मी डोक्यावर उभी आहे. माझं मत विचाराल तर टाके काढा."

हॅरॉप उठून खिडकीशी गेले. मग वळून म्हणाले की डॉक्टरांनी सांगितल्यावर शहाण्या माणसाने काढूनच टाकावं. एवढं बोलून ते वर गेले. बिस्किटं तशीच राहिली. थोड्या वेळाने छतातून घरघर ऐकू आली, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. वीणाताईंनी पत्र लिहिलं.

*

टाके मिस पाइकनी काढले. वीणाताईंनी शेजारी उभं राहून दोन सूचना केल्या, त्या मिस पाइकनी ऐकून न ऐकल्यासारख्या केल्या, आणि वीणाताईंना ती बाई आवडली. पानं सुटी झाली. शिवणीत गेलेली, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीची अक्षरं बाहेर आली, शाई कालच वाळावी तशी काळी. शेवटचं पान बाइंडरने पुठ्ठ्याला चिकटवून टाकलं होतं. ते वाफ देऊन सोडवलं, तेव्हा त्याच्या पाठीवर दोन ओळी निघाल्या. लिहिणाऱ्याने आपलं नाव घातलं नव्हतं. गाव घातलं होतं. खानदेशातलं पिंपळदरा, सोनवंतीचा काठ.

मग वीणाताईंनी ती मांडीसमोर पाटावर ठेवली आणि वरच्या अंगाला पानं उलटत वाचली. भराभर वाचून झाली. दोन दुपारी. हॅरॉप बघत बसले होते. असं वाचतात होय, असं म्हणाले, आणि पुढच्या खुल्या दिवसाला पोरांना काय दाखवायचं ते त्यांनी ठरवलंही होतं: आधी चूक, मग बरोबर. मेज राहणार होतं.

वीणाताईंना मात्र नदी जरा अरुंद झाल्यासारखी वाटली. हे त्या कोणाला बोलल्या नाहीत.

मे महिन्यात त्या जळगावला गेल्या. भावाची मुलगी मीनल तिथे असते. तिच्या मुलाचं लग्न होतं. शशिधरराव उन्हाला भिऊन इथेच राहिले आणि निघताना म्हणाले की जोशीबुवांचं तेवढं काम करून ये, फार दिवस खोळंबले आहेत बिचारे. वीणाताईंनी ते मनावर घेतलंच होतं. पिंपळदरा नकाशात सापडलं होतं. जळगावपासून गाडीने दोन तासांवर. सोनवंती सापडली नव्हती, पण गावाच्या कडेने एक बारीक निळी रेघ होती, बिननावाची.

लग्न पार पडलं. मीनलने ऐकून कपाळाला हात लावला. "आत्या, मे महिन्यात खानदेशात नदी बघायला कोण जातं? वाळू बघायची तर आपली गिरणा काय वाईट आहे?"

पण तिने गाडी दिली. ड्रायव्हर समर सकाळीच येऊन अंगणात थांबला. ऊन चढायच्या आत निघू, म्हणून तो दोनदा सांगून गेला. वीणाताई तयार होत्या. बूट घातले होते, डोक्याला रुमाल, पाण्याची बाटली. गाडीचं दार उघडं होतं. त्या ओसरीच्या पायरीवर बसल्या.

त्यांना ठाऊक होतं काय दिसेल. कोणालाही ठाऊक होतं. दगड, वाळू, एखादं खड्ड्यातलं हिरवं पाणी, त्यात म्हशी. आयुष्यभर त्यांनी लोकांना हेच सांगितलं होतं, की बघून घ्यावं, कळलेलं बरं. समरने शेजारच्या पोराकडून चहा मागवला. कुठून तरी बांगड्या विकणाऱ्याची हाक आली आणि विरली. कवी उन्हाळा आला की दुसऱ्या काठावर जायचा आणि गप्प बसायचा. वीणाताई त्या काठावर बसून राहिल्या. अंगणात ऊन हळूहळू पुढे सरकत त्यांच्या बुटांपर्यंत आलं.

उद्या जाऊ, असं त्यांनी समरला सांगितलं. दुसऱ्या दिवशी गाडी मीनलच्या नवऱ्याला हवी होती. तिसऱ्या दिवशी वीणाताईंची मुंबईची गाडी होती. समरच त्यांना स्टेशनवर सोडायला आला. सामान डब्यात चढवून झाल्यावर त्याने विचारलं की आजी, त्या पिंपळदऱ्याला काय काम होतं, मी जाऊन करून येऊ का?

काही नाही रे, असं वीणाताई म्हणाल्या. नदीला पाणी आहे का तेवढं बघायचं होतं.

गाडी हलली. समर काहीतरी म्हणाला, ते काचेतून ऐकू आलं नाही.